गच्चीवरच्या रडारच्या डब्याबाबत

जबाब, दि. १९ एप्रिल २०२५

मी, सोजरबाई दादासाहेब शेळके, वय ६१ (आधार कार्डावर ६४ आहे, ते चूक आहे), धंदा कुरडया-पापड करून विकणे, मूळ राहणार ता. भूम, जि. धाराशिव, सध्या राहणार साईछाया सोसायटी, सहावा मजला, चऱ्होली. समक्ष पोलीस चौकीत हजर होऊन सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा व सून दीपमाला यांच्यासह राहते. मुलगा चाकणला कंपनीत आहे. आमचे घर सगळ्यात वर असल्याने गच्ची आमच्या दाराला लागूनच आहे.

सुमारे पंधरवड्यापूर्वी धम्मरत्न सरवदे, वय २८, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी, हा सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर आला. विमानतळावर जुने रडार काढून नवीन बसवत आहेत, त्या कामावर तो टेक्निशियन आहे. त्याने तीन पायांच्या स्टँडवर एक डबा बसवला व त्याला सोलरचा पत्रा जोडला. मी विचारले, "टावर हाय का रं? आमाला टावर नगं." तो म्हणाला, "नाही आजी. हा डबा रडारला सारखा सांगतो, मी इथे आहे. तो जिथे ठेवलाय तिथेच पडद्यावर दिसला, म्हणजे रडार खरं. मग विमानं पण जागच्या जागी दिसतील." स्टँडच्या पायांभोवती त्याने पिवळ्या रंगाने खुणा केल्या. याला हात लावू नका, असेही म्हणाला. मी म्हटले, मी कशाला लावते.

सध्या कुरडयांचे दिवस आहेत. त्या पत्र्याची सावली नेमकी माझ्या कुरडयांवर पडायची. कुरडई सावलीत राहिली तर आंबते, कोणालाही विचारा. म्हणून मी व दीपमाला रोज सकाळी तो स्टँड उचलून पाण्याच्या टाकीपलीकडे नेत होतो आणि ऊन कलले की परत पिवळ्या खुणांवर आणून ठेवत होतो. खुणेच्या बाहेर एक बोटसुद्धा नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, नीट वागवायला नको का?

धम्मरत्न संध्याकाळी तपासायला यायचा तेव्हा डबा जागेवर असायचा. तरी तो डोक्याला हात लावून बसायचा. पडद्यावर हा डबा दिवसा सरकतो व संध्याकाळी जागेवर येतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्या कामावरच्या वरिष्ठ मिनल मॅडमना वाटे की नवे रडारच खोटे आहे. मोठे साहेब म्हणत, पोराने डबा धड बसवला नाही, त्याला घरी पाठवा. मी त्याला कुरडई तळून दिली व म्हटले, "लेकरा, त्या मेल्या रडारलाच कायतरी झालं आसंल. तू जिवाला लावून घेऊ नगंस." असे मी तीन-चार वेळा म्हटले. तेव्हा माझ्या डोक्यात काही आले नाही. हे लिहिताना हवालदारसाहेब हसत आहेत.

काल दुपारी आभाळ भरून आले. मी कुरडया गोळा केल्या. डबा भिजेल म्हणून स्टँडवरून काढून तोही घरात आणला व त्यावर गोधडी घातली. तेवढ्यात देहूहून लेकीच्या घरचा फोन आला की मला नातू झाला. आम्ही सासू-सुना हातातले टाकून, घराला कुलूप लावून निघालो; मुलगाही कंपनीतून थेट तिकडेच आला. माझा मोबाईल गोधडीजवळच राहिला.

आज सकाळी परत आल्यावर वॉचमनने सांगितले की डबा चोरीला गेला, कंपनीने तक्रार दिली आणि गच्चीवर जाणारा तोच म्हणून धम्मरत्नला चौकीत बसवले आहे. बाळाचे पेढे तसेच जिन्यात ठेवले, डबा मांडीवर घेऊन रिक्षाने चौकीत आले.

धम्मरत्न बाकावर बसला होता. शेजारी त्याची आई होती, तिने आणलेले पोहे तसेच होते. मी म्हटले, "लेकरा, चोर मी हाय." सगळे सांगितले. तो म्हणाला, "आजी, तुम्ही हा रोज हलवत होता?" मी म्हटले, "व्हय, पण परत ठिवत हुते की!" तेव्हा तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मग मीही रडले.

त्याने सर्वांसमक्ष मिनल मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे रडार पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. गच्चीच्या या टोकाचा डबा त्या टोकाला गेलेला त्याने पकडला. आणि तूही बरोबर होतास, धम्मरत्न." कंपनीने तक्रार मागे घेतली. त्याने पोहे खाल्ले. माझा जीव भांड्यात पडला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. रडारला मेले म्हटले ते मागे घेते. यापुढे डबा हलवणार नाही, कुरडयाच टाकीपलीकडे घालीन. हे आधी सुचायला काय झाले होते, असे दीपमाला म्हणते. ती रोज स्टँडचा दुसरा पाय धरत होती, हेही लिहावे.

वरील जबाब हवालदार सयाजी यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. धम्मरत्नचा यात काही दोष नाही, ही ओळ त्यात नव्हती. ती घालायला लावली व त्याच्या आईला ऐकू जाईल अशी पुन्हा वाचायला लावली. ती बरोबर आहे. बाकीचेही बरोबर आहे.

सही: सोजरबाई दादासाहेब शेळके