मेंढी उडी मारून जाते एवढा ओढा

...आणि वर मलाच विचारतात, "काय नेड, तोंड का पाडून बसलायस? अरे, कप आला की आपल्याकडे!" आला ना! मी कुठे नाही म्हणतोय? माझे आजोबा रांगत होते तेव्हापासून आमचा किलताराचा क्लब काउंटीच्या हर्लिंगच्या, त्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, कपासाठी देवाचा जीव खातोय, आणि आता तो आलाय, पॅकीच्या पबात बाटल्यांच्या मधोमध ठेवलाय, लोक त्यातून बिअर पितायत, कुणाचं तरी तान्हं पोर त्यात बसवून फोटो काढतायत... आणि मी? मी कप आल्यापासून स्वतःच्या घरात स्वतः बटाटे उकडून खातोय! तेही उभ्याने! कारण टेबलाशी माझी जी खुर्ची आहे ना, तिच्यावर बायको बरोब्बर जेवायच्या वेळी धुण्याची टोपली आणून ठेवते. आणि हे सगळं कशामुळे? एका ओढ्यामुळे! ओढा तरी केवढा... मेंढी उडी मारून जाते हो!

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे माणूस कुठला हे त्याला विचारत नाहीत, तो रात्री कुठे झोपतो ते बघतात. एक चर्च, त्याच्या आजूबाजूची घरं, ती एक पॅरिश आणि तिचा एक क्लब, संपला विषय. ओढ्याच्या अलीकडे किलतारा, पलीकडे बॅलीनूग. अलीकडच्या घरात पोर वाढलं की ते हातात काठी घेऊन आमच्याकडून खेळणार, पलीकडे वाढलं की त्यांच्याकडून, मग बाप कोणी का असेना! आणि या दोन पॅरिशचं एकमेकींशी किती सख्य? त्यांच्याकडे कोणी वारलं तर आम्ही मयताला जातो, सँडविच खातो, पण घरी येताना म्हणतो, "चला, एक डिफेंडर कमी झाला."

आणि मी लग्न कुणाशी केलं? बॅलीनूगच्या नोरीनशी! आता प्रेम हो... डान्सला गेलो होतो, तिथे काय मुलींच्या कपाळावर पॅरिश लिहिलेली असते? लिहिलेली असती तरी मी वाचली नसती, ते सोडा. आमच्या घरची जमीन थोरल्या भावाला गेली, मला मिळाल्या शुभेच्छा. तेव्हा नोरीनचा बाप, मॉसी, तोंडातला पाइप न काढता मला म्हणतो कसा, "नेड बाळा, ओढ्याकाठचं माझं शेत आहे ना, ते घ्या तुम्ही दोघं. घर बांधा. लग्नाची भेट समज." मी तर त्याच्या गळ्यातच पडलो! लग्नात आमची आई हुंदके देऊन देऊन रडत होती, सगळे म्हणाले, बघा, लेकाच्या सुखाने किती भरून आलंय, मी जवळ जाऊन म्हटलं, "आई, पुरे आता," तर ती रुमालातून म्हणते, "अरे मेल्या, शेत ओढ्याच्या पलीकडे आहे! मुलं त्यांच्याकडून खेळतील रे!"

पाया खणला त्या दिवशी आमच्या क्लबचा चेअरमन पॅकी फाटकाला टेकून उभा. पब त्याचा, त्यामुळे अक्कलही त्याचीच. "नेड, घर जरा अलीकडे घे." म्हटलं, "पॅकी, अलीकडे ओढा आहे." "मग ओढा सरकव!" आता सांगा, काय बोलायचं या माणसाशी? ओढा सरकव म्हणे! मी तेव्हा हसलो हो. आता वाटतं, सरकवायला हवा होता. मेंढी उडी मारून जाते एवढा ओढा, एका ट्रॅक्टरचं काम होतं!

मग कोलम झाला. आमचा एकुलता एक. म्हातारा मॉसी हॉस्पिटलात फुलं नाही, फळं नाही, टॉवेलात गुंडाळून छोटीशी हर्लिंगची काठी घेऊन आला, बॅलीनूगच्या लाल रंगात रंगवलेली! तेव्हा कळलं मला, लग्नाची भेट मला नव्हती, मी भेट होतो. बरं, पोरगं कसं निघावं? मठ्ठ निघालं असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, त्यांचंच नुकसान. पण नाही! चालायच्या आधी चेंडू मारायला लागलं! आणि त्याला शिकवलं कोणी? मी! बाप आहे, घरामागच्या भिंतीशी पोर चेंडू घेऊन उभं आहे, मी काय आत जाऊन पेपर वाचू? रोज गाईंचं दूध काढून झालं की भिंतीशी आम्ही दोघं, पावसात, गारठ्यात, आणि माझं एकच पालुपद, "डोकं खाली, कोलम! डोकं वर केलंस की चेंडू भरकटला!" शत्रूसाठी तोफ मी माझ्या हाताने ओतली, तीही फुकट, वर आमच्या गाईंचं दूध पाजून!

आणि मी मात्र किलताराचाच राहिलो हं. एकदा ज्या क्लबचे झालात त्याचे राहू शकता, तेवढी सोय आहे. म्हणजे घराची एकच दोरी, तिच्यावर अर्ध्या बाजूला आमच्या पांढऱ्या जर्सी, अर्ध्या बाजूला त्यांच्या लाल, कारण जर्सी धुवायची पाळी आमच्या क्लबात माझी, त्यांच्या क्लबात नोरीनची. एकदा घाईत मी दोन्ही एकदमच मशीनमध्ये टाकल्या. सेमीफायनलला आमचे पंधरा धटिंगण गुलाबी कपड्यांत मैदानावर उतरले! समोरच्या टीमला हसू आवरेना, हसता हसता त्यांनी पहिल्या हाफमध्ये एवढ्या चुका केल्या की आम्ही जिंकलो! हो, आम्ही फायनलला पोचलो ते असे. लोकांना वाटतं मेहनत.

आणि फायनलला समोर कोण? लाल! बॅलीनूग! दुसरं कोण असणार हो, माझं नशीब काय मला ओळखत नाही?

सकाळी घरातून निघालो तिघं एकाच गाडीतून, तीन खिडक्यांतून बाहेर बघत. मैदानावर आमच्या लोकांत बसायला गेलो तर पॅकी म्हणतो, "जा की तुझ्या घरच्यांत बस." बायकोच्या लोकांत गेलो तर मॉसी म्हणतो, "हेर आला रे, हेर!" दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तो मीच. शेवटी जाऊन उभा राहिलो गोलच्या मागे, जिथे कुणाचंच कोणी नसतं. मुद्दाम नाही हो! जागाच नव्हती दुसरी! दोन पॅरिशच्या मधे राहणाऱ्या माणसाने उभं कुठे राहायचं... ओढ्यात?

मॅच काय सांगू तुम्हाला. आमचा गोलकीपर बेचाळिशीचा, गुडघ्याला पट्टा, पोटालाही पट्टा, पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय आलं कोण जाणे, त्याने सगळं अडवलं. शेवटचं मिनिट आलं आणि आम्ही एका गुणाने पुढे! आम्ही! मी डोळे चोळले. आणि तेवढ्यात रेफरीने शिट्टी मारली... फ्री, म्हणजे मोकळा फटका! बॅलीनूगला! आणि घेणार कोण? माझा कोलम!

गणित सोपं. दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला की एक गुण, म्हणजे बरोबरी, बरोबरी म्हणजे पुन्हा एकदा मॅच, आणि पुन्हा एकदा मॅच म्हणजे आमचं मरण, कारण आमच्या गोलकीपरला या मॅचनंतर उचलूनच न्यावं लागणार होतं. पॅकी धावत गोलच्या मागे आला, माझा दंड धरून कानात, "नेड, प्रार्थना कर रे! तुझं पोर चुकू दे!" आणि मी केली! देवाशप्पथ केली! स्वतःच्या पोराविरुद्ध देवाकडे अर्ज करणारा बाप बघितलाय कुठे? बघा, इथे बसलाय.

आणि मग कोलम चेंडूपाशी आला. हात चड्डीला पुसला, अगदी लहानपणी पुसायचा तसाच. आणि मी बघतो तर पोराचे कान लालेलाल. घाबरला की त्याचे कान लाल होतात हो... दोन्ही पॅरिश मिळून हे फक्त त्याच्या आईला आणि मला माहीत आहे. एवढा थोरला बाप्या झालाय, पण मला तो आमच्या भिंतीपाशीच उभा दिसला, आणि कप, किलतारा, आजोबा, सगळं गेलं खड्ड्यात! मला फक्त तो चेंडू वरून जायला हवा होता! तुम्हाला म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. त्याने वाकून चेंडू काठीने हवेत उचलला, आणि माझ्या तोंडून, सवयीने, जीव तोडून निघालं...

"डोकं खाली, बाळा!"

आणि बापाचा आवाज ऐकून पोराने काय करावं? डोकं वर केलं!

चेंडू खांबाला लागून बाहेर! पांढऱ्या कोटातल्या पंचाने दोन्ही हात फैलावले, शिट्टी झाली, संपलं. आमचे लोक मैदानात घुसले आणि थेट गोलच्या मागे, मला खांद्यावर घेतलं! पॅकी रडतोय, "नेड, लेका! काय टाळकं चालवलंस! ऐन वेळी ओरडून स्वतःच्या पोराला चुकवलंस! याला म्हणतात किलताराचा माणूस!" मी वरून ओरडतोय, "अरे, तसं नाही!" तर म्हणतात, "बघा, किती विनय आहे!" आता खरं कसं सांगू? पॅकीला सांगू की मी बॅलीनूगला मदत करत होतो? मला त्या कपात घालून पुरतील!

घरी सांगितलं. नोरीनला म्हटलं, "अगं, मी त्याला मदत करत होतो." तिने भांडी विसळता विसळता, मागे वळूनसुद्धा न बघता काय म्हणावं? "मदत करायची होती ना? मग जन्मात एकदा तरी तोंड मिटून उभं राहायचंस!" म्हातारा मॉसी तर ओढ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "पलीकडे जा, तुला उडी मारायला काय लागतं?" ओढा मेंढी उडी मारून जाते एवढाच आहे, पण माझे गुडघे मेंढीचे नाहीत, हे त्याला कोण सांगणार!

आणि कोलम... दूध काढायला रोज बरोबर असतो, गाईंशी बोलतो, माझ्याशी नाही. एकदाच बोलला, बादली उचलता उचलता. "डॅड, डोकं खालीच होतं माझं. तू हाक मारलीस म्हणून वर केलं." एवढंच. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. आणि गाईसुद्धा माझ्याकडे बॅलीनूगच्या असल्यासारख्या बघायला लागल्या.

तेव्हा आता मी रोज सकाळी गुडघे टेकतो आणि देवाला सांगतो, बाबा रे, पुढच्या वर्षी बॅलीनूगला जिंकू दे, शेवटच्या मिनिटाला कोलमचाच चेंडू वरून जाऊ दे, मी त्या दिवशी घरी थांबतो, तोंडात बोळा घालून बसतो, पण आमच्या किलताराला हरव. पहिली प्रार्थना ऐकायला त्याने तीन पिढ्या लावल्या, पण हिची मला काळजी नाही. हिच्यासाठी देवाला बोटसुद्धा उचलावं लागणार नाही. हरण्यात आमचा हात धरणारा अख्ख्या काउंटीत कोणी नाही!