चाँदपाशाच्या साडीची ओवी

—न्हाय न्हाय सानिया, ती ओवी सोडून दुसरी कंची बी माग. त्या भिंतीवर बघ, सगळे सत्काराचे फोटू— रेडिओवर गायले, पुण्याला नेलं, लोक म्हणत्यात धुरपताबाईचा गळा म्हंजी येडेश्वरी देवीचं देणं. व्हय, गळा माझाच हाय. ती ओवी तेवढी— बस, च्या घे. गॅदरिंगला तीच पायजे? बरोबर हाय, सगळ्यांना तीच पायजे असती.

तुझी दादी हमिदाबी अन् म्या एकाच जात्यावर दळायचो, समोरासमोर, एका खुंट्याला दोघींचे हात— ती ओवी जुळवायची, म्या गळा लावायचे. ओवीत बाई आपल्या भावाचं नाव घालती, रीतच हाय, चोरी न्हाय त्यात— पर ही ओवी तसली नव्हती गं. तिचा भाऊ चाँदपाशा ईदला साडी आणतो म्हणून येरमाळ्याला गेला, अन् येताना सडकंवरच ट्रकखाली सापडला. सा महिने हमिदाबी धड बोलली न्हाय. मग एक दिवस दळता दळता तिच्या तोंडातनं आलं— येरमाळ्याच्या रस्त्याला धूळ उडती गाडीची, वाट बघती बहीण चाँदपाशाच्या साडीची. म्या जातं थांबवलं.

अन् रेडिओवाले आपल्या ईट गावात आले तवा म्या काय केलं? कल्याणप्पाच्या साडीची म्हणले. माझा भाऊ! त्या मेल्यानं जल्मात मला एक रुमाल आणला न्हाय! कुणी सांगितलं व्हतं का असं म्हण म्हणून? न्हाय. माईक तोंडापुढं आला, अन् वाटलं— आपल्या बी घरचं नाव जाऊ दे की रेडिओत. एवढंच. लाज वाटती बाई, अजून वाटती. रेडिओवर ऐकून हमिदाबी म्हणली, "आवाज चांगला आलाय, धुरपता." बास. त्या दिसापासनं माझ्यासंगं दळायला बसली न्हाय. वीस वर्सं झाली, घर दहा पावलांवर— अन् आता तर हळदीला पोरी बी कल्याणप्पाच म्हणत्यात.

तू नगं म्हणू तसं. तू चाँदपाशा म्हण, दादीला पुढं बसव अन्— काय? पाठ हाय? मोबाईलवरनं केलीस? तिला म्हणून बी दाखवलीस? कल्याणप्पा म्हणून?

काय म्हणली ती?

…आवाज चांगला हाय, म्हणली?

—जा सानिया. च्या राहू दे. जा तू.