खांबावरची केबल

एक्स-रेच्या रांगेत गुडघा धरून बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारी बसलेल्या निवृत्त मशिनिस्टचं आणि कारखान्यातल्या त्याच्या जुन्या सहकाऱ्याचं बोलणं पडत होतं.

"कॉम्प्युटरवरून सीएनसी मशीनला प्रोग्राम अर्धाच पोचायचा, काका. मशीन हटूनच बसलं."

"केबल तपासलीस?"

"नवी टाकली. दोन्हीकडचा डेटाचा स्पीड जुळवला. डोकं फुटायची वेळ आली."

"वेल्डिंगच्या करंटने सिग्नल बिघडतो, म्हणून त्यापासून लांब, खांबावरून नेली होती मी ती."

"नव्या साहेबांना लोंबकळलेली बघवेना. त्यांनी वेल्डिंगच्या वायरींसोबत बांधून टाकली."

"अरे, वहीत लिहून ठेवलं होतं मी!"

"वही रद्दीत गेली."

"मग तुला कळलं कसं?"

"वेल्डर जेवायला गेला आणि प्रोग्राम सरळ पोचला."

"साहेबांना सांगितलंस?"

"लगेच."

"मग सोडवली केबल?"

"छे! वेल्डरची जेवणाची सुट्टी वाढवली."