पाचव्या पायरीनंतर

अगं, परवा एका मेसेजने माझी झोपच उडवली. वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, कोणीही फुकट घ्यावं असं. ते कसं बसवायचं याच्या सूचना मी मोठ्या हौसेने लिहिल्यात. आपटा गावच्या वाचनालयातल्या काकांनी लिहिलं होतं, "ताई, पाचव्या पायरीनंतर स्क्रीन पांढरी झाली. मी बसून आहे."

बसून आहे! "बघते हं" असं कळवलं खरं, पण रात्रभर काका माझ्या डोळ्यांसमोर बसूनच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला झोपवताना गोष्टीऐवजी त्या सूचनाच वाचायला घेतल्या. म्हटलं, चूक सापडेल, नाहीतर निदान ही तरी झोपेल. पडदा हळूच फुगत होता. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची घरघर लांबून समुद्रासारखी येत होती. माझेच डोळे मिटायला लागले. "...पाचवी पायरी. हिरवं बटण दाबा. आता सगळं सुरू होईल."

"आणि नाही झालं तर?" चार वर्षांची सई अर्धवट झोपेत म्हणाली.

मी खाडकन जागी झाले. नाही झालं तर काय करायचं, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर ते नेहमी सुरू होतंच ना!

"तर आईला विचारायचं," मी तिला थोपटत म्हटलं.

तिने डोळे न उघडताच विचारलं, "आणि आई झोपली असली तर?"