गाडी सुटल्यावर

(कोपरखैरणे, १९९६. दुपारची वेळ. थोरली जाऊ उज्वला हिच्या घरी केबलवर इटालियन ऑपेराचा सिनेमा लागलेला. धाकटी जाऊ विजयमाला भरलेली पिशवी घेऊन दारात.)

विजयमाला : बंद नका करू, जाऊबाई. शेवट बघूनच जानार हाय मी.

उज्वला : अगं, साताऱ्याची गाडी चुकेल तुझी. आणि ह्यात बघायचं काय? आमचा पोरगा इंद्रजित म्हणतो, ह्यांच्यात सगळं गाऊनच बोलतात. एक अक्षर कळेल तर शप्पथ!

विजयमाला : न कळाय काय झालं? नवऱ्यानं बायकूचा गळा दाबला. कुनीतरी कान भरलं म्हनून.

उज्वला : डोकं उठलं बाई त्या आवाजानं. बंदच करते.

विजयमाला : ऱ्हाऊ द्या. आता खरं कळलं बगा त्येला. कसा ऊर बडवतोय! सुरी काढली... घ्या, सोताच्याच पोटात खुपसली. आन् आता तिचा मुका घ्याय चाललाय. मेलेल्या बाईला मुका काय करायचाय?

उज्वला : सिनेमा आहे तो, विजे. एवढं टेन्शन नको घेऊ.

विजयमाला : आन् कान भरनारा?

उज्वला : तो मघाशीच पळाला.

विजयमाला : मोकळाच?

उज्वला : मोकळाच.

विजयमाला : आमच्या खंडोबाम्होरं न्हाई सुटत कुनी मोकळं. ही पुडी घ्या. उचला भंडारा आन् म्हना, 'केबलवाला कुलदीप विजीच्या घरात कडी लावून बसलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला.'

उज्वला : मी बोलले म्हणून कुणी सांगितलं तुला?

विजयमाला : ह्यांनीच. 'वहिनी खोटं बोलंल व्हय?' म्हनत अंगावर धावून आलं. म्हायेरी जा, परत तोंड दावू नको म्हनालं. उचला की!

उज्वला : नाही गं. पोराबाळांची आई आहे मी.

विजयमाला : मग मी कोन हाय?

उज्वला : चुकलं माझं. माथाडींच्या टोळीनं आमच्या ह्यांना डावललं आणि सयाजी भाऊजींना मुकादम केलं. पाठच्या भावाच्या हुकमानं पोती उचलायची! बघवेना मला. थांब, आत्ता मार्केटात जाते, भाऊजींना सगळं खरं सांगते. ठेव ती पिशवी.

विजयमाला : बसा खाली. आत्ता न्हाई.

उज्वला : अगं, संसार वाचेल तुझा!

विजयमाला : आत्ता सांगितलं तर 'झालं गेलं इसर' म्हनतील, आन् मला मुकाट भाकरी थापाय लागंल. माजी गाडी सुटल्यावर सांगायचं. समद्या टोळीम्होरं. घ्या शपथ.

उज्वला : टोळीपुढं? माझ्या नवऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

विजयमाला : माज्या बापाला कुटं ऱ्हायलीया?

उज्वला : ...घेतली शपथ.

विजयमाला : कपाळाला लावा.

उज्वला : लावला. विजे, भाऊजी मिळेल त्या गाडीनं तुझ्या माहेरी येतील. रडतील गं.

विजयमाला : येऊ द्या.

उज्वला : मग येशील ना परत?

विजयमाला : आदी उंबऱ्याभाईर उभं ऱ्हाऊ द्या. पानी द्यायचं का न्हाई, ते मी बघीन.