मनकर्णाला लागणारे प्रत्यय

पाथर्डीच्या स्टँडवर शेजारच्या बाकावर एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिची आई स्क्रीनमध्ये डोकावत होती.

"संस्कृती, ही लाल रेघ कशाची गं?"

"शब्द चुकला की कॉम्प्युटर खाली रेघ मारतो. त्याला तुझं नाव माहीत नव्हतं, आई. आता मी त्याच्या शब्दांच्या यादीत घातलंय. त्या नावाला कोणते प्रत्यय लागतात, तो नियम लिहितेय. मनकर्णाने, मनकर्णाला, मनकर्णाचं."

"मला असं कुनी म्हनत न्हाई. तुझ्या भावावरनं ओमची आई म्हनत्यात."

"नियम बरोबर चालतो का, ते बघायचंय. सांग, मनकर्णाचं काय लिहू?"

"रान लिही."

"लिहिलं."

"पुस, पुस. रान तुझ्या आज्याच्या नावावर हाय."

"कॉम्प्युटर सातबारा बघत नाही गं."

"तरी पुस. घर लिही."

"घर तरी कुठं तुझ्या नावावर आहे?"

"सारवलं कुनी? लिही तू."

"मनकर्णाचं घर. हे बघ."

"रेघ न्हाई आली?"

"नाही आली. नियम बरोबर आहे. आता हे पण पुसते."

"न्हाई. ते ऱ्हाऊ दे."