बसऱ्याच्या नदीचं पाणी

आम्ही खारवी, जयगडच्या खाडीवरचे, आणि काय सांगू तुम्हाला, माझा आजा शिडाच्या गलबतावर तांडेल होता, कौलं भरून बसऱ्याला जायचा नि खजूर भरून यायचा, म्हणून मी इथे दुबईच्या जबल अली बंदरात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, सारंग, खलाशांचा म्होरक्या, लागलो तेव्हा ती नदी मला नवीन नव्हती, आमच्या घरात ती माझ्या जन्माआधीच आलेली.

नदी म्हणजे शत्त अल अरब. वरून टायग्रिस आणि युफ्रेटिस येतात, कुर्नाला एक होतात, मग बसरा, आणि त्याच्याही खाली गेलं की एका काठाला इराक, दुसऱ्याला इराण. बॉर्डर कुठे, तर पाणी सगळ्यात खोल तिथे. आता खोल जागा काय एका ठिकाणी बसते का, गाळ सरकला की तीही सरकते. दोघं तिच्यावरून लढले, बुडलेल्या बोटींचे सांगाडे मी या डोळ्यांनी पाहिलेत.

आजा सांगायचा, आपल्या खाडीत भरतीला पाणी खारं होतं, तिथे उलटं, समुद्र नदीला मागे रेटतो नि गोडं पाणी आपोआप खजुरीच्या बागांत चढतं, पंप नको काही नको. आणि खूण सांगायचा, पाणी तोंडात घे, गोड लागलं की समज मुखाच्या आत आलास. ती खूण मी जपून ठेवलेली, आणि त्याचं शिसंही. हे बघा, समोर फळीवर आहे ते, दोराला बांधून पाण्याची खोली बघायचं.

तर माझी त्या नदीतली पहिली फेरी. मागे ओढायला सपाट बार्ज, त्यावर पाइप, आणि धुकं असं की बार्ज दिसेना. नदीत वाट दाखवणारा पायलट यायचा होता, तो काही आला नाही. नांगर टाकला तर मऊ गाळात धरेना, भरती आम्हाला आत ओढतेय. कॅप्टन मिसरी, म्हणजे इजिप्तचा, तरणा, मला म्हणाला सारंग, आपण कुठे आहोत. मी बादली सोडली, पाणी तोंडात घेतलं, खारट. म्हटलं कॅप्टन, फिकर नॉट, अजून बाहेर आहोत, इथे मोकळं पाणी आहे. छाती काढून सांगितलं हो.

मग धुकं थोडं विरळ झालं आणि बाजूला खजुरीची झाडं, नुसते खांब, शेंडे नाहीत. आम्ही केव्हाच आत आलो होतो. वर धरणं झाली, नदीला जोर उरला नाही, समुद्र आत घुसला, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मी चुकलो, आणि आता बॉर्डरच्या रेषेपलीकडे गेलो तर आम्ही सात माणसं दुसऱ्या देशात, कागदाशिवाय.

खोली मोजायचं मशीन गढूळ पाण्यात भलतेच आकडे दाखवत होतं. मी आज्याचं शिसं काढलं, बुडाच्या खळग्यात साबण भरला, तळाचं काय ते त्याला चिकटून येतं, नि फेकायला लागलो. चार वाव, म्हणजे चोवीस फूट, मऊ चिखल, चालू दे. तीन वाव, साबणाला वाळू, म्हणजे काठ जवळ आला, कॅप्टन डावीकडे घे. तास दीड तास, हाताची सालं गेली, पण थांबलो नाही. पायलट आला, स्वतःजवळची स्क्रीन बघितली आणि म्हणाला, माशाल्ला, बरोबर रेषेवर उभे आहात. कॅप्टनने माझा हात धरून वर केला, म्हणाला खलास, आजपासून ही नदी सारंगची. आजही बोलताना छाती फुगते माझी, का फुगू नये.

आता मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, दोन देशांची नदी. बर दुबईत जन्मली ती, म्हणते बाबा, पणजोबा सेड स्वीट, यू से सॉल्टी, हू इज राइट? म्हटलं दोन्ही लिही, तो खोटं बोलला नाही, मीही नाही. टीचरने चार्ट भिंतीवर लावलाय.

अजून प्रत्येक फेरीला मी बादली सोडतो, घोटभर तोंडात घेतो, थुंकतो. कॅप्टन हसतो. हसू दे. दोन्ही काठच्या माणसांसाठी एकदा तरी गोड लागू दे, त्या दिवशी आधी मुलीला फोन करीन.